न मोडतां ओळखणें : रेणूंचें कंपन आणि अदृश्य प्रकाश

पदार्थाची ओळख पटविण्याचे जे मार्ग मनुष्यास पूर्वापार ठाऊक आहेत, त्यांपैकीं बहुतेकांत त्या पदार्थाचा थोडाबहुत नाश ठरलेलाच असतो. सोनार सोनें कसोटीवर घासतो. वैद्य मुळी कुटून तिची चव घेतो. आणि रसायनशास्त्रज्ञ तर एखादा अपरिचित पदार्थ हातीं आला कीं तो जाळून, आम्लांत विरघळवून, त्याच्या रेणूचे तुकडे करून, त्या तुकड्यांवरून मूळ रेणु कसा असावा याचा तर्क बांधीत असे. वाडा पाडून विटा व वासे मोजावे आणि त्यांवरून वाड्याला किती खोल्या होत्या तें सांगावें, त्यांतलाच हा प्रकार. तर्क बहुधा बरोबर येई. पण श्रम फार, काळ फार, आणि वाडा तर गेलेलाच.

विसाव्या शतकांत यास एक मोठा पर्याय हातीं आला. पदार्थावर विशिष्ट प्रकारचा अदृश्य प्रकाश सोडावयाचा, त्या प्रकाशाचा कोणता भाग पदार्थानें शोषून घेतला तें पाहावयाचें, आणि तेवढ्यावरून त्या पदार्थाच्या रेणूंत कोणते अणु कोणत्या बंधांनीं जोडलेले आहेत हें सांगावयाचें. रेणु मोडत नाहीं, तुटत नाहीं. पुसलेल्या प्रश्नाचें उत्तर मात्र देतो. या पद्धतीस अवरक्त वर्णपटविज्ञान असें म्हणतात. नांव भारदस्त आहे खरें. परंतु औषधाची गोळी, शस्त्रक्रियेच्या मेजावरील रोग्याचा श्वास आणि आपणां सर्वांच्या डोक्यावरची हवा या तिहींशीं तिचा निकट संबंध असल्यामुळें, आमच्या वाचकांनीं विषय रूक्ष म्हणून पान उलटूं नये, अशी विनंती आहे.

तांबड्याच्या पलीकडे

इ. स. १८०० सालीं इंग्लंडांत विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें एक साधा प्रयोग केला. हा गृहस्थ मूळचा जर्मनींतील हानोव्हरचा, आणि पोटापाण्याचा धंदा संगीताचा. ताऱ्यांचा नाद मागाहून लागला, व त्या नादांतच इ. स. १७८१ मध्यें त्याला युरेनस हा ग्रह सांपडला. सूर्यप्रकाशाच्या कोणत्या रंगांत उष्णता किती आहे हें मोजावें, म्हणून त्यानें लोलकांतून सूर्यकिरण सोडले आणि जो सप्तरंगी पट्टा मिळाला त्यांतील निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेवला. जांभळ्याकडून तांबड्याकडे जातां जातां पारा अधिकाधिक चढत गेला. पुढें त्यानें उष्णतामापक तांबड्याच्याही बाहेर, जेथें डोळ्यास कांहींच दिसत नव्हतें अशा जागीं ठेवला. तों पारा तेथें सर्वांत अधिक चढला! डोळ्यास न दिसणारा, पण उष्णतेनें आपलें अस्तित्व पटविणारा असा प्रकाश तेथें होता. यांसच आपण अवरक्त किरण म्हणतों. रक्त म्हणजे तांबडा आणि अव म्हणजे खालचा. ज्यांची कंपनसंख्या तांबड्याहून खालची ते अवरक्त, असा या संज्ञेचा अर्थ लावतां येतो. चुलींतला जाळ विझल्यावरही निखाऱ्यांची जी धग तोंडास लागते तींत याच किरणांचा भाग मोठा असतो. म्हणजे ज्यांस ते अगदीं अपरिचित आहेत असें घर विरळाच.

बंधांचे सूर

रेणु अणूंचे बनलेले असतात हें शाळेंत सर्वच शिकतात. परंतु पुस्तकांतील आकृति पाहून मुलांची अशी समजूत होते कीं, हे अणु काड्यांस खोंचलेल्या गोळ्यांप्रमाणें जागच्या जागीं घट्ट बसलेले आहेत. वस्तुस्थिति तशी नाहीं. दोन अणूंमधील बंधास स्प्रिंगची उपमा अधिक शोभते. अणु एकमेकांपासून थोडे दूर जातात, बंध ताणला जातो. बंध त्यांस परत ओढतो, ते जवळ येतात. फार जवळ आले कीं पुन्हां दूर लोटले जातात. ही ये-जा अखंड चालू असते. कितीही थंडी केली तरी ती पूर्णपणें थांबत नाहीं. बंधाच्या लांबीच्या दिशेनें होणाऱ्या या हालचालीस आम्ही येथें ताणकंपन म्हणूं. तीन किंवा अधिक अणु असले म्हणजे दोन बंधांमधील कोनही लहानमोठा होत राहतो. त्यास नमनकंपन म्हणूं.

ताणकंपनाचा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो, आणि त्या दोन्ही तंबोरा लावणारास ठाऊक आहेत. तार जितकी ताठ तितका सूर चढा, आणि तार जितकी जड तितका सूर खालचा. खर्जाची तार जाड असते ती याचसाठीं. रेणूंतही तसेंच. बंध बळकट असला तर कंपन जलद, आणि बंधाच्या टोकांचे अणु जड असले तर कंपन मंद. रॉबर्ट हूक यानें इ. स. १६७८ त प्रसिद्ध केलेला स्प्रिंगचा नियम लावून हा हिशेब कागदावर मांडतां येतो, आणि तो प्रयोगाशीं पुष्कळ जुळतो.

एक उदाहरण घेऊं. हायड्रोजनचा एक व क्लोरीनचा एक अणु मिळून हायड्रोजन क्लोराइडचा रेणु होतो. त्याचें ताणकंपन दर सेकंदास ८६ लक्ष कोटींहून अधिक वेळां होतें. तंबोऱ्याची तार सेकंदास शंभर-दोनशें वेळां हालते हें लक्षांत घेतलें म्हणजे या संख्येची कल्पना येईल. किंवा खरें म्हणजे येणार नाहीं! म्हणून शास्त्रज्ञांनीं एक सोयीचें माप पतकरलें आहे. त्या कंपनाशीं जुळणाऱ्या प्रकाशाच्या किती लाटा एका सेंटिमीटरांत मावतात तें सांगावयाचें. यास तरंगसंख्या म्हणतात. हायड्रोजन क्लोराइडची तरंगसंख्या सुमारें २,८८६ आहे. आतां या रेणूंतील साधा हायड्रोजन काढून त्याचा दुप्पट वजनाचा भाऊ, ड्यूटेरियम, तेथें बसविला, तर बंध तोच, ताठपणा तोच, परंतु भार वाढला. आणि सूर एकदम सुमारें २,०९१ पर्यंत उतरतो.

बळकटीचा परिणाम पाहावयाचा तर कार्बनचे बंध पाहावे. कार्बन-कार्बन यांचा एकेरी बंध १,००० च्या आसपास, दुहेरी १,६५० च्या आसपास आणि तिहेरी २,१५० च्या आसपास कंप पावतो. कार्बन व हायड्रोजन यांचा बंध २,८५० पासून ३,१०० पर्यंत, कारण हायड्रोजन फार हलका. कार्बन व ऑक्सिजन यांची दुहेरी बंधानें बांधलेली जोडी, जीस कार्बोनिल म्हणतात, ती १,७०० च्या जवळपास. लोणी, मेण, साखर, अ‍ॅस्पिरीन, रेशीम, कोणत्याही पदार्थांत ही किंवा ती जोडी असली कीं तिचा सूर ठरलेल्या टापूंतच सांपडावयाचा. सून कोणत्याही घरीं गेली तरी तिचा आवाज पालटत नाहीं. सासरच्या वळणानें बोलण्यांत थोडा फरक पडतो एवढेंच. बंधाचेंही तसेंच आहे. आणि शेजारामुळें पडणारा तो थोडासा फरकच रसायनशास्त्रज्ञास फार मोलाचा वाटतो, हें पुढें दिसून येईल.

बोलके आणि मुके

प्रकाश हा विद्युत् व चुंबकत्व यांचा तरंग आहे. त्याची कंपनसंख्या रेणूच्या कंपनाशीं जुळली तर रेणु त्यास शोषून घेतो. झोंका घेणाऱ्या मुलास योग्य वेळीं हात लावला म्हणजे झोंका वाढतो, तसें हें आहे. मात्र आणखी एक अट आहे. त्या कंपनामुळें रेणूंतील धन व ऋण विद्युत् यांचा तोल हालला पाहिजे. तो हालत नसेल तर प्रकाशास हात लावण्यास जागाच सांपडत नाहीं, आणि रेणु मुका राहतो.

आपल्या भोंवतालच्या कोरड्या हवेंत शेंकडा ७८ भाग नायट्रोजन आणि २१ भाग ऑक्सिजन आहे. या दोहोंच्या रेणूंत दोन सारखेच अणु असतात. जुळे भाऊ कितीही पुढेंमागें झाले तरी विद्युत् कोणत्याच बाजूस झुकत नाहीं; म्हणून हे दोन्ही वायु अवरक्त किरणांपुढें मुके आहेत. ते किरण त्यांच्यामधून जवळजवळ अडथळ्यावांचून निघून जातात. ही गोष्ट लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जॉन टिंडल यानें इ. स. १८५९ पासून केलेल्या प्रयोगांनीं दाखवून दिली, आणि पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड हे अल्पसंख्य वायु मात्र उष्णतेचे किरण अडवितात हेंही त्यानेंच दाखविलें.

कार्बन डायऑक्साइडचा रेणु मोठा बोधप्रद आहे. मध्यें कार्बन, दोहों बाजूंस एकेक ऑक्सिजन, आणि तिघे एका सरळ रेषेंत. दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळीं बाहेर गेले व एकाच वेळीं आंत आले, तर तोल बिघडत नाहीं. हें सम ताणकंपन मुकें. पण एक बाहेर जात असतां दुसरा आंत आला, तर तोल एकदां इकडे, एकदां तिकडे झुकतो. हें विषम ताणकंपन २,३४९ या तरंगसंख्येस फार जोरानें प्रकाश शोषतें. तिसरें नमनकंपन, त्याची तरंगसंख्या ६६७, आणि तेंही बोलकें. ही तिन्ही कंपनें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं; पुढें त्यांचें काम आहे.

मुक्या कंपनांस बोलतें करण्याचा मार्ग आपल्या देशांत सांपडला. इ. स. १९२८ च्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस कलकत्त्यांत चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं आपले सहकारी कृष्णन् यांच्यासह असें पाहिलें कीं, द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशाचा एक अत्यल्प भाग रंग बदलून बाहेर येतो. हा बदल रेणूच्या कंपनाएवढा असतो. आणि मौज अशी कीं, कार्बन डायऑक्साइडचें जें सम ताणकंपन अवरक्त किरणांपुढें मौन धरतें, तेंच रामन यांच्या पद्धतींत स्पष्ट उमटतें. याच रामन यांनीं त्यापूर्वीं सात-आठ वर्षें मृदंग व तबला यांच्या नादांचा आणि वीणा-तंबोऱ्याच्या घोडीचा शास्त्रीय अभ्यास केला होता. तारेच्या कंपनाकडून रेणूच्या कंपनाकडे वळलेल्या या पंडितास इ. स. १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक सूचना करावीशी वाटते. वैशेषिकांनीं परमाणूचा विचार केला होता म्हणून हें सर्व आपल्या पूर्वजांस अवगत होतें, असें म्हणण्याचा मोह कित्येकांस होतो. वैशेषिकांचा परमाणु हें तर्काचें फळ होतें. त्याची थोरवी त्या तर्कांतच आहे. मोजमापाचें श्रेय ज्यांनीं मोजलें त्यांचें. दोन्ही नीट निरनिराळीं ठेवल्यानें कोणाचाच मान कमी होत नाहीं.

औषधाची साक्ष

निरनिराळ्या पदार्थांचे हे सूर पद्धतशीर मोजण्याचें पहिलें मोठें काम अमेरिकेंत विल्यम कोब्लेंट्झ यानें केलें. साधी कांच अवरक्त किरणांचा बराचसा भाग अडविते; म्हणून त्याचा लोलक सैंधवासारख्या खनिज मिठाचा होता. एकेक बिंदु हातानें मोजीत त्यानें शंभराहून अधिक पदार्थांचे वर्णपट तयार केले व ते इ. स. १९०५ सालीं प्रसिद्ध झाले. पावसाळ्यांत मिठास पाणी सुटतें हें प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. हीच अडचण पुढें कित्येक वर्षें प्रयोगशाळांस भोगावी लागली, आणि मिठाच्या तबकड्या फार जपून कोरड्या ठेवाव्या लागत. आतां हिऱ्याच्या लहानशा तुकड्यावर पदार्थाचा कण ठेवला, सर्व तरंग एकदम त्यावर सोडले, आणि फूरिये या फ्रेंच गणितज्ञाच्या रीतीनें संगणकाकडून ते सूर वेगळे करविले, म्हणजे मिनिटाभरांत वर्णपट हातीं येतो.

या विद्येची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत झाली. फ्लेमिंग यास इ. स. १९२८ त दिसलेलें पेनिसिलिन ऑक्सफर्ड येथें फ्लोरी व चेन यांनीं औषधाच्या रूपास आणलें होतें. जखमी सैनिकांचे प्राण त्यानें वांचत होते. परंतु त्याच्या रेणूची घडण कशी आहे यावर पंडितांत तीव्र मतभेद होता. रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखे दिग्गज एका रचनेच्या बाजूस होते. दुसरा पक्ष म्हणे कीं, या रेणूंत चार अणूंचें एक आंखूड कडें आहे, ज्यास बीटा-लॅक्टम म्हणतात. पण इतकें ताणलेलें कडें निसर्गांत टिकेल कसें, अशी शंका पुष्कळांस येई. रेणु फोडून पाहावा तर फुटतांना तो आपलें रूप पालटी. अशा वेळीं इंग्लंड व अमेरिकेंतील प्रयोगशाळांनीं त्याचे अवरक्त वर्णपट घेतले. नेहमींच्या अमाइड जातीच्या संयुगांत कार्बोनिलचा सूर १,६५० ते १,६८० च्या सुमारास असतो. पेनिसिलिनमध्यें तो सुमारें १,७७० वर आढळला. आंखूड कड्यांत कोंडलेला कार्बोनिल-बंध अधिक ताठ होतो, म्हणून सूर चढतो. शेजारामुळें पडणारा फरक मोलाचा असतो असें आम्हीं वर म्हटलें, तें हेंच. या साक्षीनें दुसऱ्या पक्षास बळ आलें, आणि इ. स. १९४५ त डोरोथी हॉजकिन यांनीं क्षकिरणांच्या साह्यानें त्या कड्याचें अस्तित्व निर्विवाद सिद्ध केलें.

ही केवळ पंडितांची जुगलबंदी नव्हती. पेनिसिलिनचें सर्व सामर्थ्य त्या ताणलेल्या कड्यांत आहे. कित्येक रोगजंतु असा एक पाचक पदार्थ तयार करतात कीं, तो हें कडें उघडून टाकतो. कडें उघडलें कीं १,७७० चा सूर नाहींसा होतो आणि त्याबरोबर औषधाचा गुणही जातो. घडण कळली म्हणूनच पुढच्या पिढीचीं औषधें रचतां आलीं.

आपल्या घरच्या औषधांच्या डब्याकडे वळूं. अ‍ॅस्पिरीनच्या रेणूंत कार्बोनिलच्या दोन जोड्या आहेत. एकीचा सूर १,७५० च्या सुमारास व दुसरीचा १,६९० च्या सुमारास. गोळीस दमट हवा लागली कीं अ‍ॅस्पिरीन हळूहळू फुटून त्याचें सॅलिसिलिक आम्ल व सिरक्यांतलें आम्ल होतें. जुन्या बाटलीस सिरक्याचा वास येतो तो यामुळें. वास येण्यावर ज्यांनीं विसंबावें ते आपण. औषधपरीक्षक वर्णपट पाहतो. इंडियन फार्माकोपिया या आपल्या अधिकृत ग्रंथांत अनेक औषधांची ओळख अवरक्त वर्णपटानें पटवावी असें सांगितलें आहे. नमुन्याचा वर्णपट अस्सल औषधाच्या वर्णपटाशीं रेषेनें रेष जुळला पाहिजे. विशेषतः १,५०० च्या खालचा टापू प्रत्येक पदार्थाचा इतका स्वतःचा असतो कीं, त्यास बोटांच्या ठशांचीच उपमा देतात. बनावट गोळीस रंग, आकार आणि वेष्टण हुबेहूब देतां येतें. दुसऱ्या रेणूचा ठसा देतां येत नाहीं.

श्वास, दूध आणि हवा

भूल दिलेल्या रोग्याच्या श्वासनलिकेंत नळी घालतात. ती चुकून अन्ननलिकेंत गेली तर कांहीं मिनिटांत प्राणांवर बेततें, आणि ही चूक केवळ नजरेनें नेहमींच ओळखूं येते असें नाहीं. म्हणून नळीस एक लहानसें यंत्र जोडतात. बाहेर पडणाऱ्या श्वासावर २,३४९ च्या आसपासचे किरण सोडले जातात. श्वासांत कार्बन डायऑक्साइड असला तर त्याचें विषम ताणकंपन ते शोषतें, आणि पडद्यावर श्वासागणिक एक लाट उमटते. लाट उमटत राहिली तर नळी योग्य जागीं आहे आणि रोगी श्वास घेत आहे. आईबाप शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेले असतात, तेव्हां आंत त्यांच्या मुलाची राखण करणाऱ्यांत तीन अणूंच्या या एका कंपनाचाही वांटा असतो.

मोठ्या दुग्धशाळांतून दुधाची परीक्षा याच तत्त्वावर होते. स्निग्धांशाचा कार्बोनिल १,७४५ च्या सुमारास, प्रथिनांचा अमाइड-बंध १,५५० च्या सुमारास आणि दुग्धशर्करेचा कार्बन-ऑक्सिजन बंध १,०४० च्या सुमारास प्रकाश शोषतो. कोणाचें शोषण किती तें पाहून कोणता अंश किती हें कळतें. युरियासारखी भेसळही अशा यंत्रांनीं हुडकतां येते.

आणि शेवटीं हवा. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यानें इ. स. १९५८ च्या मार्चमध्यें हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर अवरक्त किरणांचें मापनयंत्र लावून हवेंतील कार्बन डायऑक्साइड सतत मोजण्यास आरंभ केला. तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारें ३१५ भाग होता; यंत्रयुगापूर्वीं सुमारें २८० होता; आज तो ४२० च्या वर गेला आहे. मोजण्याच्या कामीं विषम ताणकंपन येतें. पृथ्वीची उष्णता अडविण्याचें काम मात्र मुख्यतः त्याच रेणूच्या ६६७ च्या नमनकंपनाचें आहे, कारण पृथ्वीपासून अवकाशांत जाणारे उष्णतेचे किरण त्या टापूंत भरपूर असतात. बहुसंख्य वायु मुके आहेत आणि थोडे बोलके आहेत म्हणूनच पृथ्वी गोठली नाहीं. परंतु त्या थोड्यांत भर पडत गेली कीं पांघरुणावर पांघरूण चढतें. दहा हजारांत चार भाग तें काय करणार, असें जे म्हणतात त्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें कीं, उरलेल्या भागांतील जवळजवळ सर्व वायु या किरणांपुढें मुके आहेत.

मर्यादा

कोणत्याही साक्षीदारास मर्यादा असतात, तशा यासही आहेत. पाणी स्वतःच इतकें जोरानें प्रकाश शोषतें कीं, ओल्या नमुन्यांत इतरांचे सूर त्यांत बुडून जातात. पुष्कळ पदार्थ एकत्र मिसळले असले तर त्यांचे सूर एकमेकांवर पडतात, आणि अत्यल्प भेसळ नजरेंतून निसटूं शकते. मोठ्या रेणूची संपूर्ण घडण केवळ या एका परीक्षेनें ठरत नाहीं. पेनिसिलिनच्या बाबतींतही अखेरचा निकाल क्षकिरणांनींच दिला. म्हणून जाणता परीक्षक दोन-तीन निरनिराळ्या साक्षी घेतो आणि त्या जुळल्या म्हणजेच निर्णय देतो.

शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस या विद्येची एक गोष्ट विशेष भावते. रेणूस काय विचारावें हें ज्यास कळलें, त्यास तो फोडावा लागला नाहीं. आमच्या घरांतील मुलामुलींपैकीं जीं विज्ञानाच्या शाखेकडे वळतील, त्यांस महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत हें यंत्र बहुधा भेटेलच. कागदावर उमटलेली वांकडीतिकडी रेघ पाठ करण्याची घाई त्यांनीं करूं नये. प्रत्येक खळग्यापाशीं थांबून, येथें कोणते दोन अणु एकमेकांस ओढीत आहेत, बंध एकेरी कीं दुहेरी, शेजार कोणाचा, हें स्वतःस विचारावें. तसें विचारतां येऊं लागलें म्हणजे औषध खरें कीं खोटें, दूध निर्भेळ कीं भेसळीचें, आणि हवेंत काय वाढत आहे, यांचीं उत्तरें दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाहीं.